डॉक्टरांच्या माघारी

कॅलेंडरवर १६ जानेवारी आणि १८ जानेवारी यांच्यात दोनच दिवसांचं अंतर असतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा पवईत गोळ्या घालून खून झाला. मधे पंधरा वर्षं गेली होती. पण तारखा शेजारी आल्यामुळे वर्तमानपत्रांना दोन्हीची आठवण एकाच लेखात उरकण्याची सोय झाली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असा लेख कुठे ना कुठे येतोच. पहिल्या परिच्छेदात माणूस असतो, उरलेल्या लेखात संप. सामंत म्हणजे संप आणि संप म्हणजे सामंत, हे इतकं घट्ट झालं आहे की, त्यांच्या हयातीत ते तसं नव्हतं हे आज सांगावं लागतं.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. परळच्या चाळीत वाढलो, वडील साचे खात्यात होते, संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. पुढे रात्रीच्या कॉलेजातून कॉमर्स केलं, नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून गिरणगावाविषयी मिळेल ते वाचत राहिलो. जोडीला लालबाग, काळाचौकी, नायगाव भागातल्या जुन्या कामगारांशी बोलणं चालू होतं. त्यातले बरेचसे आता नाहीत. या सगळ्या उद्योगात एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. डॉक्टरांविषयीचं मत त्यांच्या मृत्यूनंतर बदललं, चांगलंच बदललं. पण ते बदलावं असा कोणताही नवा पुरावा मधल्या काळात पुढे आला नव्हता. मग बदललं काय?

हा प्रश्न केवळ एका माणसाच्या कीर्तीचा नाही. ‘गिरण्या कोणी बंद पाडल्या?’ याचं जे उत्तर आपण मनात धरतो, त्यावर गिरणी कामगाराला आपण अन्यायग्रस्त म्हणतो की स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणारा म्हणतो, हे ठरतं. त्याला घर द्यायचं की नाही, दिलं तर हक्क म्हणून की दया म्हणून, हेही मग त्यावरच ठरतं.

आधी हयातीतलं मत पाहू. सामंतांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२चा, बालपण मालवणजवळच्या देवबागेतलं. वैद्यकीचं शिक्षण परळला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या बोलीत केईएमला. दवाखाना मात्र घाटकोपरच्या पंतनगरात टाकला. तिथे आसपासच्या दगडखाणींतले मजूर औषधाला यायचे, आणि त्यांच्या दुखण्याचं मूळ औषधाने जाण्यासारखं नाही हे त्या दवाखान्यातच त्यांच्या लक्षात आलं. तिथून ते कामगार चळवळीत आले ते काँग्रेसच्या इंटकमधून. १९७२ साली काँग्रेसच्याच तिकिटावर आमदार झाले. आणीबाणीत त्याच काँग्रेसने त्यांना तुरुंगात टाकलं. बाहेर आले तेव्हा त्यांचं नाव आणखी मोठं झालेलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंजिनीअरिंग कारखान्यांत त्यांनी जी पगारवाढ मिळवून दिली, तिचे आकडे गिरणगावात तोंडपाठ असत. तिकडचा कामगार आपल्यासारखाच, पण घरी नेतो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, ही बोच तेव्हापासूनची. कंपनीचा ताळेबंद बघायला डॉक्टर तयार नसतात, असं त्यांच्याविषयी सांगितलं जाई. उद्योजक हे चिडून सांगत, कामगार हेच कौतुकाने सांगत. परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया अशी तीन मोठी रुग्णालयं. रस्त्यावर दगड मारला तर डॉक्टरला लागावा अशी वस्ती. तरीही ‘डॉक्टर’ एवढाच शब्द उच्चारला की तो एकाच माणसाचा असे.

रेल्वेच्या पलीकडे शिवाजी पार्कला, किंवा अलीकडे हिंदू कॉलनीत, हाच शब्द वेगळ्या सुरात यायचा. मध्यमवर्गाला ते दहशतीचं माणूस वाटत. त्यांच्या युनियनच्या संपांत मारामाऱ्या होत, पोलीस केसेस होत, आणि ते त्याबद्दल दिलगीर आहेत असं कधी दिसत नसे. ही भीती सगळीच काल्पनिक नव्हती. त्याकडे पुन्हा येईन.

आता संप. दिवाळी अंकात हे लिहिताना जरा विचित्र वाटतं, पण या संपाची ठिणगी दिवाळीच्या बोनसवरून पडली. १९८१च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय मिल मजदूर संघाने मालकांशी बोनसचा करार केला. तो कित्येक गिरण्यांतल्या कामगारांना मान्य नव्हता. त्यांनी काम थांबवलं, आणि प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या घरी जाऊन उभे राहिले. आमचं नेतृत्व करा, हा आग्रह त्यांचा होता. संपावर लिहिणाऱ्या बहुतेक अभ्यासकांनी ही घटना नोंदवली आहे. म्हणजे कामगार डॉक्टरांकडे गेले, डॉक्टर कामगारांना उठवायला आले नाहीत. आजच्या बोलण्यात हा क्रम हटकून उलटा होतो.

कामगारांना डॉक्टरांकडे का जावं लागलं, हे समजायला १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा माहीत हवा. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानली होती. मुंबईच्या गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी त्यांनीच करायची, करारावर सही त्यांचीच. गिरणीतले बहुसंख्य कामगार दुसऱ्या कोणाच्या मागे उभे असले तरी कायद्याच्या हिशेबात त्या दुसऱ्याला अस्तित्व नव्हतं. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, घरभाडं, रजा या मागण्यांच्या जोडीला हा कायदा आणि ही एकाधिकारी मान्यता रद्द व्हावी ही मागणी होती. माझ्या मते खरी लढाई त्याच मागणीची होती, आणि सरकारने ती ओळखली होती. पगारवाढ थोडीफार देता आली असती. पण डॉक्टरांशी बोलणी केली की गोदी, वाहतूक, इतर कारखाने यांत त्यांची ताकद किती वाढेल, ही धास्ती होती. डॉक्टरांना चर्चेला बोलवायचंच नाही, असं ठरल्यासारखंच झालं. कायद्याच्या दृष्टीने संप बेकायदा होता. हा ‘बेकायदा’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी तो लागणार आहे.

साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. आता ही संख्या वाचताना काही वाटत नाही, पण तीन पाळ्यांचे भोंगे एका सकाळपासून बंद झाल्यावर परळ कसं वाटत होतं ते मला आठवतं. घड्याळं लावायला भोंगा उरला नव्हता. कोकणातले आणि घाटावरचे कामगार गावी गेले. भातलावणी, काढणी, लग्नसराई यांवर दिवस काढले. संप इतका लांबला तो या गावांच्या आधारावर. संपकाळात मुख्यमंत्री बदलले, १९८२च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या पोलिसांनीच बंड केलं, १९८३च्या ऑक्टोबरात केंद्राने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. तो झिरपून संपला. काही कामगारांना परत घेतलं, हजारोंना घेतलं नाही.

इथपर्यंत जे घडलं त्यावरून मत बनवायचं तर डॉक्टरांना लोकांनी धुडकावून लावायला हवं होतं. झालं उलट. डिसेंबर १९८४ची लोकसभा निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दोन महिन्यांत झाली. सहानुभूतीची लाट अशी की काँग्रेसने चारशेच्या वर जागा जिंकल्या. त्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईतून, म्हणजे गिरणगावातून, अपक्ष डॉ. दत्ता सामंत निवडून आले. संप हरल्यानंतर. हजारो घरांत चूल धड पेटत नसताना. लोकमताचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. ज्यांचं नुकसान झालं होतं त्यांनीच मत दिलं होतं, गुप्त मतदानात.

पुढच्या, १९८९च्या निवडणुकीत त्याच मतदारसंघातून शिवसेनेचे वामनराव महाडिक खासदार झाले, आणि १९९१ साली शिवसेनेचेच मोहन रावले. म्हणजे मत बदलायला मृत्यूची वाट पाहावी लागली नाही. पाच वर्षांत मतदार बदलला होता. त्यातला एक भाग गावीच राहिला, एक भाग डोंबिवली-विरारकडे गेला, आणि चाळीतली मतदानाच्या वयाला आलेली नवी पोरं गिरणीत कधी गेलीच नव्हती.

महाडिकांचं नाव आलं म्हणून त्याआधीची एक गोष्ट सांगतो. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. सारा गिरणगाव हळहळला, अंत्ययात्रेला लोटला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि हरल्या. जिंकले ते वामनराव महाडिक. शिवसेनेचे ते पहिले आमदार. अंत्ययात्रेतली गर्दी आणि मतपेटी यांचा संबंध लावण्याची आपल्याला सवय आहे. परळ-लालबागने तरी तो समज त्या वर्षीच खोटा ठरवला होता. म्हणून १९९७ साली डॉक्टरांच्या अंत्ययात्रेला किती माणसं होती, यावरून मी काहीच ठरवत नाही.

१९९७ सालातल्या मजकुरात मला एक वेगळी गोष्ट सापडली, आणि ती एका अव्ययाची आहे. ‘पण’ या शब्दाची. संपाच्या काळात डॉक्टरांविषयीचं सुशिक्षितांचं वाक्य साधारण असं असे: ‘माणूस प्रामाणिक असेल, पण गिरण्या बुडवतोय.’ वाक्याचा भार शेवटी, बुडवण्यावर. खुनानंतर तीच वाक्यं उलटी झाली: ‘गिरण्या बुडाल्या, पण माणूस प्रामाणिक होता.’ दोन्ही वाक्यांतली माहिती तंतोतंत तीच आहे. फक्त ‘पण’च्या अलीकडचं पलीकडे गेलं. मराठीत ‘पण’च्या नंतर जे येतं ते खरं मत, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आपल्याकडे मृत्युलेखाची परंपराच अशी आहे. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पंडित नेहरूंवर किती जहाल लिहिलं, हे दादरच्या त्या पिढीला सांगावं लागत नाही. १९६४च्या मे महिन्यात नेहरू गेले आणि त्याच अत्र्यांनी ‘मराठा’तून त्यांच्यावर जी लेखमाला लिहिली, तिचं पुढे ‘सूर्यास्त’ हे पुस्तक झालं. ते ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. अत्रे दोन्ही वेळा मनापासूनच लिहीत होते. पण मृत्यूने वैर संपतं हा आपला संस्कार वाचकाच्याही अंगात भिनलेला आहे, आणि मेलेल्याविषयी लिहिताना लेखणी आपोआप सौम्य होते. असं सौम्य झालेलं मत काही महिने टिकतं, फार तर वर्षभर. डॉक्टरांच्या बाबतीत ते टिकलं आणि पुढे वाढत गेलं. त्यामुळे केवळ संस्काराचं कारण पुरत नाही.

कारण जमिनीत होतं. मध्य मुंबईत गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने ठरवलं होतं की, गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला; स्थूलमानाने तीन सारखे वाटे. २००१ साली या नियमात एक दुरुस्ती झाली. वाटप करायचं ते फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेचं. गिरणीच्या इमारती पाडून जी जागा मोकळी होईल ती धरायची नाही. आता गिरणीत मोकळी जागा ती किती? सगळी शेडने व्यापलेली. शहराच्या वाट्याला तुकडे आले. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ची जमीन २००५ साली ४२१ कोटींना गेली.

हा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हाच्या चर्चा मला चांगल्या आठवतात. सामंतांमुळे गिरण्या बुडाल्या असं वीस वर्षं म्हणणारे आमच्या ओळखीतले लोक त्या आठवड्यात म्हणू लागले की, गिरण्या बुडाल्या नव्हत्या, बुडवल्या होत्या, आणि डॉक्टर बिचारे त्यात सापडले. एका लिलावाने जे साधलं ते अभ्यासकांना साधलं नव्हतं. कारण अभ्यास आधीच झालेला होता. ह. व्हॅन वेर्श या डच अभ्यासकाचं ‘द बॉम्बे टेक्स्टाइल स्ट्राइक १९८२-८३’ हे जाडजूड पुस्तक १९९२ सालचं, डॉक्टर हयात असतानाचं. त्याही आधी, १९८६ साली, रजनी बक्षी यांचं ‘द लाँग हॉल’ आलं होतं. संपाची पार्श्वभूमी, मालकांची आणि सरकारची भूमिका, सगळं त्यात आहे. आणि पुस्तकंही नको असतील तर साधी गोष्ट घ्या: १९७४ साली केंद्राने देशातल्या शंभरावर आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यांत मुंबईच्याही होत्या. संपाच्या आठ वर्षं आधी! भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग त्याच काळात वाढत होते. जुनी यंत्रं बदलायला मालक पैसा घालत नव्हते. उलट बाजूने, संपानंतरही कितीतरी गिरण्या नव्वदच्या दशकात चालू होत्या. संपाने गिरण्या एका फटक्यात मेल्या, ही कथा कोणत्याच बाजूने जुळत नाही.

थोडक्यात, २००५ साली लोकांना संपाविषयी नवीन काही कळलं नाही. जमिनीचा भाव तेवढा कळला, आणि त्यावरून गुन्हेगार कोण असावा याचा अंदाज त्यांनी बदलला.

हा बदल मला न्याय्य वाटतो, पण निम्माच. कारण त्यात डॉक्टरांचा पुतळा होऊन बसला. ज्या चुका त्यांच्या होत्या, त्याही मालकांच्या खात्यावर गेल्या. नफ्यात असलेल्या इंजिनीअरिंग कारखान्याचा मालक संपाने हवालदिल होतो. गोदामात न खपलेल्या मालाचे ढीग आणि आवारात सोन्याच्या मोलाची जमीन असलेला गिरणीमालक थांबू शकतो. हा फरक डॉक्टरांनी ओळखला नाही, किंवा ओळखूनही मानला नाही. माघारीची कोणतीही योजना त्यांच्यापाशी नव्हती. सहा महिन्यांनी, वर्षाने, सन्मानाने परत जाण्याचा एखादा मार्ग काढता आला असता का, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही, कारण हुतात्म्याला तो विचारायचा नसतो.

दुसरं म्हणजे मारहाण. संप फोडून कामावर जाणाऱ्यांवर हल्ले झाले. आमच्या शेजारच्या चाळीतला एक बदली कामगार, तीन मुलांचा बाप, घरी खायला नाही म्हणून पहाटे अंधारात गिरणीत जाऊ लागला. आठवड्याने त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठून मारलं. हात कायमचा अधू झाला. मारणाऱ्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांनी आपल्याच मनाने केलं, हे मला माहीत नाही आणि त्या घरालाही कधी कळलं नाही. पण त्या घराने डॉक्टरांविषयीचं मत १९९७ साली बदललं नाही, २००५ सालीही नाही. बाकी सगळ्यांच्या बोलण्यातून हा भाग मृत्यूनंतर हळूहळू गळून पडला. संपाच्या काळात मध्यमवर्ग याविषयीच सर्वांत जास्त बोलत असे, आणि पुढे त्याच मध्यमवर्गाच्या बोलण्यातून तो सर्वांत आधी नाहीसा झाला. त्या माणसाविषयी त्यांना तेव्हाही फारसं वाटत नव्हतं, असाच याचा अर्थ मी काढतो.

इथे तुलनेसाठी गिरगावात जायला हवं. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना त्या नोकरीवर पाणी सोडावं लागलं. १९२७च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. हयातीत कर्व्यांची कुप्रसिद्धी सामंतांपेक्षा कमी नव्हती. सभ्य घरांत ते मासिक लपवून वाचावं लागे. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, आणि त्यांच्याबरोबर मासिकही संपलं. आज त्यांच्यावर चित्रपट आहे, नाटक आहे, आणि त्यांच्याविरुद्ध बोलणारा माणूस शोधून सापडत नाही.

कर्व्यांविषयीचं मत कसं बदललं? त्यांच्या मृत्यूच्या आधीच, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. ज्यासाठी त्यांना दंड झाला, तेच पुढे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलं गेलं. ते बरोबर होते हे मान्य करायला कोणाला पदरचं काही द्यावं लागलं नाही. म्हणून ते मत एकमुखी होऊ शकलं. सामंत बरोबर होते, निदान त्यांची बोलणी व्हायला हवी होती असं मान्य करायचं, तर कोणाला तरी काहीतरी परत द्यावं लागतं: पगार, नोकरी, जागा. तिथे एकमत होणं शक्य नव्हतं. मग सोयीचा मार्ग निघाला. माणसाला मोठं म्हणायचं आणि मागण्या त्याच्याबरोबर पुरायच्या.

आमच्या घरातही एकमत नव्हतंच. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. ते दादरला एका कापडाच्या दुकानात लागले. ठाण उलगडून काठ बोटांत धरला की ‘हे भिवंडीचं’, ‘हे मालेगावचं’ असं सांगायचे. १९८४ साली त्यांनी डॉक्टरांना मत दिलं आणि मरेपर्यंत त्यांच्याविषयी वावगा शब्द काढला नाही. आई मात्र म्हणायची, ‘डॉक्टर चांगलेच होते रे. पण संपावर जायचं का, हे आम्हाला कुणी विचारलं?’ तिचा ‘पण’ कधी जागचा हलला नाही. डॉक्टर जिवंत असताना ती जे म्हणायची, तेच नंतरही म्हणाली.

पुढे इतर घरांतल्या बायकांशी बोललो तेव्हा हेच पुन्हा पुन्हा ऐकलं. गिरणगावातल्या खाणावळवाल्यांनी संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घातलं, आणि त्यांतले कित्येक गावी गेले ते परतलेच नाहीत. त्या बाईला डॉक्टर थोर की वाईट याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिचे पैसे बुडाले होते, आणि गेलेल्याला ती शिव्याही देत नव्हती, कारण त्याच्याकडे नव्हतेच हे तिला माहीत होतं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे २००४ सालचं पुस्तक गिरणगावच्या माणसांच्या तोंडच्या आठवणींवर उभं आहे. ते वाचताना लक्षात येतं की गिरणगावाचं डॉक्टरांविषयीचं मत असं एक नाही आणि नव्हतं. एकमुखी मत बाहेरच्यांचं असतं. जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगमंचावर आलं ते १९९७ सालीच, डॉक्टर गेले त्या वर्षी. त्या नाटकात डॉक्टर येत नाहीत. एका चाळीतली खोली आहे, आई आहे, दिशाहीन झालेली मुलं आहेत. दोषी कोण, हे नाटक ठरवत बसत नाही. माझ्या मते या विषयावर मराठीत त्याहून प्रामाणिक काही लिहिलं गेलेलं नाही. २०१०च्या ‘लालबाग परळ’ या चित्रपटाने तीच गोष्ट दूरवर नेली, पण तोवर खलनायक ठरून गेला होता.

खुनाच्या खटल्याचं काय झालं, हेही नोंदवायला हवं. जुलै २०२३मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात छोटा राजनची पुराव्याअभावी मुक्तता केली. बातमी आली त्या दिवशी मी मुद्दाम लालबागला, भारतमाता चित्रपटगृहाच्या आसपास, दोन-तीन ओळखीच्या ठिकाणी विचारलं. एकाला माहीत होतं. बाकीच्यांना खटला अजून चालू होता याचंच नवल वाटलं. ज्यांच्या मृत्यूने इतकी मतं बदलली, त्यांना कोणी आणि का मारवलं हे विचारायला फारसं कोणी उरलेलं नाही.

आता तो ‘बेकायदा’ शब्द. गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडाला जो काही वाटा मिळाला, त्यावर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं. २०१२च्या जूनमध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज लाखाच्या वर आले होते. अजूनही बहुसंख्य कामगार किंवा त्यांचे वारस वाट पाहत आहेत. गिरणी कामगार कोणाला म्हणायचं, हे त्यासाठी सरकारला ठरवावं लागलं. ठरलं ते असं: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो. ही तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची आहे. ती अठरा जानेवारीनंतरची धरली असती, तर संपात गेलेला आणि परत न घेतलेला माणूस यादीतून आपोआप गळाला असता. बेकायदा संपावर जाऊन ज्याने नोकरी गमावली, त्याला सरकारने या एका तारखेने पुन्हा गिरणी कामगार म्हणून मोजलं. त्यावर अग्रलेख आला नाही, कोणी भाषण केलं नाही. डॉक्टरांचं नाव त्या शासकीय कागदात कुठेही नाही.

त्या अर्जासाठी पुरावा लागतो. तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी, असं काहीतरी. वडिलांच्या पेटीत मला एक पगाराची चिठ्ठी मिळाली, जानेवारी १९८२ची. कामाचे दिवस भरले होते ते सतरा तारखेपर्यंतचे. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी न मोडता, चाळीस वर्षं जपली होती. अर्जाला ती जोडली, आणि मूळ प्रत तपासून परत मिळेपर्यंत ती खिडकीसमोरच्या बाकावरून उठली नाही.